मागच्या बाकावरची वही

जळकोट म्हटले की सोलापूर-उमरग्याकडच्या माणसाला नळदुर्गजवळचे, तुळजापूर तालुक्यातले जळकोट आठवते. आमचे जळकोट वेगळे. उदगीरहून जांबमार्गे नांदेडला निघालात की माळरानावर लागते ते. या गावाने जागा न सोडता तीन जिल्हे पाहिले. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता, म्हणून आम्ही बीदरचे. राज्यपुनर्रचनेनंतर उस्मानाबादचे झालो, १९८२ साली लातूरचे. पुढे जळकोट स्वतःच तालुका झाले. विद्यापीठेही तीनच. आधी हैदराबादचे उस्मानिया, १९५८ पासून औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ पासून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. माझे चुलते पहिल्याच्या अमलात मास्तर झाले, मी दुसऱ्याचे बी.एड. केले आणि तिसऱ्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे पोरांना मास्तर करण्यात माझी बरीचशी नोकरी सरली.

निवृत्त झालो तरी अजून एखाद्या प्रशिक्षणाला बोलावतात. पडद्यावर पहिलीच पाटी झळकते, ‘आंतरक्रियात्मक अध्यापन’. खाली गटचर्चा, भूमिकाभिनय, सहाध्यायी शिक्षण, प्रकल्प अशी यादी असते. सांगणारा तरुण असा सांगतो, की जणू हे सगळे परवाच कुठून तरी आले. समोरचे छात्राध्यापक माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. व्याख्यान बंद करा, हे व्याख्यानातून सांगितले जाते आणि चहा होतो.

माझ्या हिशेबाने हा विचार आमच्या मुलखापर्यंत निदान पाच वेळा पोहोचला आहे. दर वेळी नाव निराळे होते आणि दर वेळी तो जवळजवळ एकाच वाटेने विझला. त्या येण्याजाण्याचा हा इतिहास.

पहिली खेप फार जुनी. पंतोजींच्या गावठी शाळेत एकच शिक्षक आणि सगळ्या वयांची पोरे असत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि मोठ्या पोराने धाकट्याला पाढे, पावकी, निमकी म्हणून दाखवायची, ही तिथली रीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासजवळच्या एग्मोर इथल्या अनाथ मुलांच्या शाळेत होता. तिकडच्या देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. ती रीत त्याने आपल्या शाळेत आणायची ठरवली. शिक्षक राजी होईनात, तेव्हा मोठ्या मुलांनाच त्याने धाकट्यांवर नेमले. १७९७ साली लंडनला त्याने यावर एक पुस्तिका छापली आणि ‘मद्रास पद्धत’ विलायतेतल्या गरिबांच्या शाळांत पसरली. तीच पद्धत पुढे साहेबाचे नाव लावून आपल्याकडे परत आली.

तिचा गाभा सोपा होता. शिकवणाऱ्या पोराला शिकवता शिकवता स्वतःला कळते आणि शिकणाऱ्या पोराला आपल्याच वयाच्या माणसाला प्रश्न विचारायची भीती वाटत नाही. पण आमच्या पिढीला वर्गाचा मॉनिटर कसा माहीत आहे? गुरुजी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा. पोरांनी पोरांशी बोलावे म्हणून निघालेली व्यवस्था पोरांचे बोलणे टिपणारी चौकी झाली. पुढच्या चारही खेपांची गोष्ट याहून फार निराळी नाही.

दुसऱ्या खेपेआधी शिक्षक कसे घडत होते, ते पाहायला हवे. मुंबई इलाख्यात हे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते. मुंबईतल्या नॉर्मल वर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सांभाळले. १८६१ साली शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ निघाले. आज शिक्षकांच्या हाती येणारे ‘जीवन शिक्षण’ मासिक हा त्याचाच वारसा. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेतकरी जातींतून यावेत, असा आग्रह धरला. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यातला माणूस बोलायला हवा, इतकी साधी गोष्ट त्यांनी सरकारला सांगितली. ट्रेनिंग कॉलेजच्या टाचणवहीत या मुद्द्याला रकाना कधीच मिळाला नाही.

आमचा मुलूख मात्र निजामाचा. इथे शाळेच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा होत्या. तहतानियात मराठीला थोडी जागा होती. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ तर उर्दूतून उच्च शिक्षण देणारे देशातले पहिले विद्यापीठ. देशी भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकवायचे धाडस त्याने केले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या लेकरांची मात्र भाषा शाळेच्या उंबऱ्यावर राहायची.

चुलते सांगायचे, की उदगीरच्या शाळेत मौलवीसाहेब गणित उर्दूतून समजावत आणि ते वर्गात कुणालाच धड कळत नसे. सुट्टी झाली की सगळे ओट्यावर बसत. एका बागवानाच्या पोराला बाजारामुळे दोन्ही भाषा यायच्या. तो मराठीतून सांगायचा, बाकीचे शंका काढायचे, कुणी कोळशाने फरशीवर आकडे मांडायचे. खरा तास ओट्यावर व्हायचा. चुलते मास्तर झाल्यावर आयुष्यभर पोरांना गोलात बसवत आले. त्यांना ती पद्धत कुणी शिकवली नव्हती. ट्रेनिंगला जाऊन आल्यावर साहेब तपासणीला येणार असेल त्या दिवसापुरत्या मात्र ते रांगा लावत.

निजामी राजवटीत खाजगी शाळा काढायला परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. तरी काही शाळा उभ्या राहिल्या. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. तिथे व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक होते. संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. मराठवाड्याचा मुक्तिलढा उभारणारी माणसे अशा शाळांच्या वर्गांतून निघाली. आमच्या विद्यापीठाच्या नावात एक मुख्याध्यापक आहे, हे बी.एड.च्या पोरांना मी दरवर्षी मुद्दाम सांगत असे. प्रवेश अर्जावर ते नाव त्यांनी लिहिलेले असे. हा माणूस वर्गात उभा राहून शिकवत होता, हे बहुतेकांना माहीत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती. शाळा काढायच्या तर मास्तर कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न होता. मिडल पास झालेला कुणीही हाती खडू घेई. याच काळात दुसरी खेप आली, नई तालीम.

तिची जन्मभूमी आमच्यापासून फार लांब नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने तो चालवून दाखवला. हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफायचे, याला ‘समवाय’ म्हणत. सूत काततानाच पोराने कापूस कुठे पिकतो ते विचारावे, लांबी मोजावी, भाव काढावा. शिकाऊ शिक्षकानेही तिथे तेच करायचे. स्वयंपाक, सफाई, कताई आणि त्यावर संध्याकाळी चर्चा. ऐकून शिकलेला माणूस करून शिकवू शकणार नाही, हे सेवाग्रामने ओळखले होते.

साठच्या दशकात मी शाळेत होतो तेव्हा आमच्याकडेही टकळी होती. गुरुजींनी ट्रेनिंगला ती शिकून घेतलेली. तासाला आम्ही पेळू घेऊन बसायचो आणि शेवटी सूत मोजले जायचे. ज्याचे सूत लांब, त्याला गुण जास्त. आमच्या घरांत कापूस होता, आडतीवर त्याचा भाव कसा ठरतो हे प्रत्येक घरात रोज बोलले जात होते. वर्गात त्यातले एक अक्षर आले नाही. समवाय गेला, सूत राहिले. सूत मोजता येते, समवाय मोजता येत नाही. तपासणीला जे दाखवता येते तेच टिकते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले.

तिसरी खेप मी स्वतः विद्यार्थी म्हणून अनुभवली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एड.ला गेलो तेव्हा ते नऊ-दहा महिन्यांत उरकणारे एका वर्षाचे शिक्षण होते. पाठ टाचण अजून हर्बार्टच्या पंचपदीवर चाले. प्रस्तावना, विषयविवेचन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट १८४१ साली गेला, पायऱ्या त्याच्या शिष्यांनी आखल्या आणि आमच्या कॉलेजात त्यांचे पाच रकाने झाले. कोणत्या रकान्यात किती मिनिटे, तेही ठरलेले.

त्यात नवे आले ते सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केले. शिकवणे हे एकसंध काम न मानता त्याची लहान लहान कौशल्ये पाडायची, एका वेळी एकच घ्यायचे, चार-पाच मिनिटे शिकवायचे, लगेच कुणीतरी कसे झाले ते सांगायचे आणि पुन्हा शिकवायचे. तिकडे व्हिडिओ कॅमेरा होता. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी. के. पासी आणि सहकाऱ्यांनी त्याला देशी रूप दिले. कॅमेरा नाही तर नाही, सोबतचेच छात्राध्यापक विद्यार्थी होतील आणि तेच निरीक्षक होतील. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुन्हा तयारी, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. सगळे मिळून छत्तीस मिनिटांचे चक्र.

हे चक्र आमच्या कॉलेजात पत्र्याच्या खोलीत फिरले. सज्जता प्रवर्तन, प्रश्नकौशल्य, प्रबलन, चेतक बदल, फलकलेखन अशी नावे पाठ करताना जीभ वळत नसे. मिशी फुटलेली माणसे पाचवीची पोरे होऊन बाकावर बसत आणि कुणी मुद्दाम चुकीचे उत्तर देई. हसू आवरत नसे. तरी सांगतो, की माझ्या सगळ्या शिक्षणात कामाला आलेली गोष्ट तीच. कंधारकडचा एक सोबती मागच्या बाकावर वही घेऊन बसला होता. माझा पाठ झाल्यावर तो म्हणाला, “तू प्रश्न विचारतोस आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून टाकतोस. पोराला दम तर खाऊ दे.” प्राध्यापकांनी तेच सांगितले असते तर मी मान डोलावून विसरलो असतो. सोबत्याने सांगितले ते लागले. पुन्हा पाठ घेताना मी प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत मोजले.

याच मागच्या बाकावर आम्हाला फ्लँडर्स भेटला. नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाने वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार पाडले. सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांतता किंवा गोंधळ. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा. चार म्हणजे शिक्षकाने प्रश्न विचारला, पाच म्हणजे शिक्षक व्याख्यान देतो आहे, आठ म्हणजे विद्यार्थी विचारल्यावर बोलला, नऊ म्हणजे विद्यार्थी आपणहून बोलला. वीस मिनिटांच्या पाठात चारशे आकडे. फ्लँडर्सचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. वर्गातला दोनतृतीयांश वेळ कुणी ना कुणी बोलत असते आणि त्यातला दोनतृतीयांश वेळ बोलणारा शिक्षक असतो.

आमच्या वह्यांत पाचांची रांगच्या रांग उभी राही. मध्येच एखादा चार, लगेच आठ, पुन्हा पाच. नऊ क्वचित. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा पोरांना मी तक्ता आणि टक्केवारी नंतर काढायला सांगे. आधी म्हणे, तुमच्या वहीत नऊ कुठे आला ते शोधा आणि त्याच्या आधी काय घडले ते आठवा. एवढ्या एका प्रश्नावर चांगली चर्चा होत असे. कुणी सांगे, शिक्षक फळ्याकडे वळून लिहीत होता तेव्हा पोर बोलले. कुणी सांगे, पाठ्यपुस्तकातला शब्द आमच्याकडे निराळा आहे म्हणून पोर बोलले. फ्लँडर्सच्या पद्धतीवर माझा आक्षेप एकच. त्याने शांतता आणि गोंधळ एकाच आकड्यात बांधले. जळकोटच्या तांड्यावरचे पोर गप्प असते तेव्हा ते घाबरलेले असू शकते, विचार करत असू शकते किंवा मनात बंजाऱ्यांच्या गोरमाटीतून मराठीत येत असू शकते. तिन्हींसाठी वहीत दहा.

आमचे वर्ग असेच आहेत. गावात मराठी, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात दखनी, सीमेकडच्या नात्यागोत्यात कानडी आणि तेलुगू. दिवाळी सरली की निम्मी घरे ऊसतोडीला निघतात. बी.एड.चा सराव पाठ नेमका त्याच महिन्यांत येतो.

असाच एक पाठ मला विसरता येत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची एक छात्राध्यापिका सातवीला शेकडेवारी शिकवत होती. कार्डशीटवर दुकान, नफा, तोटा असे सुबक चित्र. पोरे गप्प. एकाने आपणहून विचारले, “बाई, उचलीचं असंच काढतेत का?” त्याचे आईबाप कोयत्यावर होते आणि तो आजीजवळ राहिला होता. बाईने तक्ता उलटा केला. ऊसतोडीसाठी घेतलेली उचल किती, मुकादम त्यातून किती कापतो, टनाला काय मिळते, उचल फिटायला किती टन तोडावे लागतील, सगळे आकडे पोरांनीच दिले. फळ्यावर हिशेब पोरे मांडत होती आणि बाई बाजूला उभी होती. मुकादमाची कपात शेकडा किती पडते, यावर दोन पोरांचे भांडण झाले आणि ते गणितानेच मिटले. मागच्या बाकावरच्या सोबतिणीच्या वहीत नवांची ओळ लागली होती.

पाठ तपासायला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शेरा लिहिला, “पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. शैक्षणिक साहित्याचा वापर अपुरा.” गुण बेताचे मिळाले. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी टाचणाप्रमाणे पाठ घेतले. गुण वाढले, नऊ गेले.

परीक्षक वाईट नव्हते. त्यांच्या हातातल्या तक्त्यात जे रकाने होते ते त्यांनी भरले. पोराने आपणहून विचारलेला प्रश्न आणि त्यासाठी शिक्षिकेने सोडून दिलेला तक्ता यांना त्यात जागा नव्हती.

चौथी खेप जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाची, आमच्या बोलीत ‘डीपीईपी’. १९९४ साली महाराष्ट्रात तो ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत लातूर आणि नांदेड दोन्ही होते. जोडीला औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद. किल्लारीचा भूकंप आदल्याच वर्षी झाला होता. गटसाधन केंद्रे आली, केंद्रशाळांवर शिक्षकांच्या मासिक बैठका सुरू झाल्या, दर शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला पाचशे रुपये मिळू लागले. प्रशिक्षणात गाणी, खेळ, गटकाम. पन्नाशीचे गुरुजी टाळ्या वाजवत गोलात फिरले. बाहेरच्यांना हसू आले असेल, पण मी तिथे एक गोष्ट पाहिली. वीस-वीस वर्षे शेजारच्या गावांत नोकरी केलेल्या मास्तरांनी आपण वाचन कसे शिकवतो हे एकमेकांना पहिल्यांदा सांगितले.

अडचण साखळीची होती. पुण्याला शिकलेल्याने जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. कालव्याच्या तोंडाला पाणी भरपूर असते आणि टेलच्या शेताला नुसती ओल पोहोचते, तसे झाले. पुण्याला जी चर्चा होती ती केंद्रावर येईतो सूचना झाली. पाचशे रुपयांचे तक्ते झाले आणि तक्ते फाटू नयेत म्हणून कपाटात गेले. अधिकारी आले की बाहेर येत.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे आमच्या धंद्याला पूर आला. विनाअनुदानाच्या धोरणाने डी.एड., बी.एड.ची कॉलेजे गावोगाव निघाली. जमीन विकून लोकांनी पोरांना डी.एड. केले, कारण बाहेर पडले की जिल्हा परिषदेची नोकरी, असा समज होता आणि काही वर्षे तो खराही होता. काही ठिकाणी हजेरीपटावर वर्ग भरलेला असे आणि खोलीत बाकही नसत. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. त्या संस्थांपैकी बहुतेक आयोगाला मान्यतेच्या लायक वाटल्या नाहीत. देशातल्या शिक्षक-शिक्षणाची दिशा बदलणाऱ्या या अहवालाचे मूळ आपल्याच राज्यात होते, याचा अभिमान बाळगायचा की लाज, ते वाचकाने ठरवावे.

तोवर भरती आटली होती. २०११ च्या पटपडताळणीने कागदावरची पोरे उघडी पाडली आणि शिक्षक अतिरिक्त ठरू लागले. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली. डी.एड.च्या जागा ओस पडल्या. जी मुले राहिली ती वर्गात बसून टीईटीची वस्तुनिष्ठ प्रश्नांची पुस्तके सोडवू लागली. ‘गटचर्चेचे फायदे कोणते?’ याला चार पर्याय असतात. गटचर्चा एकदाही न करता त्याचे बरोबर उत्तर देता येते.

पाचवी खेप ज्ञानरचनावादाची. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने पोर स्वतः ज्ञान रचते हा विचार अधिकृत केला, २००९ च्या आराखड्याने तो शिक्षक-शिक्षणात आणला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले आणि साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक निघाले. आमच्याकडूनही गाड्या गेल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने दुसऱ्या जिल्हा परिषद शाळेत बसून पाठ पाहावा, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती. काहींनी परत येऊन पोरांच्या हाती खडे, काड्या, बिया दिल्या आणि स्वतः गप्प राहायला शिकले. काहींनी फरश्या रंगवल्या. फरशी फोटोत चांगली दिसते.

त्याच वर्षी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि छात्रसेवाकाल वीस आठवड्यांवर गेला. मागणी जुनीच होती. शिकाऊ डॉक्टर दवाखान्यात राहतो, तसा शिकाऊ शिक्षक शाळेत राहिला पाहिजे. प्रत्यक्षात काय होते ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. छात्राध्यापक ज्या शाळेत जातो तिथे शिक्षक कमी असतात, म्हणून तो पहिल्या दिवसापासून रिकामे तास भरतो. त्याला मागून पाहणारे कुणी नसते. पाठानंतर बोलायला कुणी नसते. वर्षाअखेरीस मात्र फाइल असते. निरीक्षण अहवाल, चिंतन दैनंदिनी, कृती संशोधन, प्रत्येकाला वेगळे रंगीत मुखपृष्ठ. उदगीर, अहमदपूरच्या झेरॉक्स दुकानांत तयार फाइली मिळतात. २०२० च्या धोरणाने आता २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणायचे ठरवले आहे. चार वर्षांत फाइली किती होतील, याचीच मला काळजी आहे.

पाचही खेपांचा हिशेब मांडला तर एकच गोष्ट दिसते. पद्धत कुठलीच वाईट नव्हती. पंतोजीचा मोठा पोरगा, सेवाग्रामचा समवाय, बडोद्याचे छत्तीस मिनिटांचे चक्र, केंद्रावरची बैठक, कुमठ्याची भेट, या सगळ्यांत एक माणूस शिकवत होता, दुसरा त्याला पाहत होता आणि नंतर दोघे बोलत होते. ते बोलणे होते तोवर पद्धत जिवंत होती. परीक्षेने त्याच्या जागी सूत, टाचण, तक्ता, फाइल मागितली आणि ते थांबले. व्याख्यान काही मेले नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांसारख्या माणसाचे व्याख्यान ऐकणारा मनात उलट प्रश्न विचारतच असे. ऐकणाऱ्याला बोलावेसे वाटेल असे बोलणे हीही आंतरक्रियाच. पण असा वक्ता दर कॉलेजला मिळत नाही आणि मागचा बाक दर कॉलेजला असतो.

म्हणून नवा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझ्या तीनच मागण्या आहेत. पहिली, बी.एड.ला शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने महिन्यातून एक पाठ जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वतः घ्यावा. त्याचे विद्यार्थी मागे वही घेऊन बसतील आणि नंतर त्याचा पाठ कसा झाला ते त्याला सांगतील. ज्याने आपला पाठ कधी तपासू दिला नाही, त्याने दुसऱ्याचा तपासू नये. दुसरी, छात्रसेवाकालाचे निम्मे गुण पाठानंतरच्या चर्चेला असावेत आणि ती शाळेतल्या शिक्षकासमोर व्हावी. फाइलीला गुण नकोत. तिसरी, आमच्या भागातल्या छात्राध्यापकाला गोरमाटी, कानडी, तेलुगू यांपैकी एखाद्या भाषेत पोराला निदान नाव, गाव, भूक आणि भीती विचारता आली पाहिजे.

यातल्या एकाही मागणीला नवे साहित्य, निधी किंवा पडदा लागत नाही. आमच्या विद्यापीठाने पुढच्या सत्रापासून एका तालुक्यात तरी हे सुरू करावे. जळकोट तालुक्यात केले, तर मागच्या बाकावर बसायला मी येईन.